दोन कुंड्यांची वाटणी

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी दात बनवते. डेंटल लॅबमध्ये बारीक ब्रशने पोर्सिलेनचा थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा चढवायचा, हे माझं काम. या कामाला हात स्थिर लागतो. डोकं थंड असावं लागत नाही, हे माझं नशीब. वहिनी म्हणते, दात करून करून हिच्या जिभेलाही दात आलेत. माझ्या तोंडावर ती हे कधी बोललेली नाही, पण आमच्या दोघींच्या मध्ये फक्त प्लायवूड आहे आणि त्यातून सगळं ऐकू येतं.

ती प्लायवूडची भिंत बाबा गेल्यावर उभी राहिली. घर एक, मुलं दोन आणि दोघांच्याही नाकावर राग. दादाचं लग्न झालेलं, माझं होऊन मोडलेलं. कुणी राहायचं आणि कुणी बाहेर पडायचं यावर एकमत होईना, तेव्हा पुढच्या मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत घालून दोन घरं करायची ठरली. सुतार भला माणूस होता. तो म्हणाला, "भिंत जराशी सरकवली तर ही मोठी खिडकी अखंड राहील."

"कुणाकडे अखंड राहील?" दादाने विचारलं.

सुताराने मापाची टेप काढली. खिडकी बरोबर अर्धी अर्धी झाली. तिची मूठ नेमकी मध्ये येत होती, म्हणून ती फिरवायला काचेजवळ पंजा जाईल एवढी फट त्याने सोडली. त्या फटीतून पहिले सहा महिने आम्ही एकमेकांना सुनावत होतो. मग दादाने तिथे जुना टॉवेल कोंबला.

खिडकीत बाबांची दोन झाडं होती. सफरचंदाची, पण बुटकी, कमरेएवढी. मोठमोठ्या कुंड्यांत लावलेली. बाबाही लिफ्टचंच काम करायचे, दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून घरी यायचे आणि हातपाय धुऊन आधी झाडांपाशी जायचे. थंडी पडली की कुंड्या बाहेर जिन्याच्या पॅसेजमध्ये ठेवायच्या, कारण थंडी खाल्ल्याशिवाय या झाडांना जाग येत नाही. कळ्या फुगल्या की पुन्हा आत, खिडकीत. फुलं उमलली की बाबा स्टुलावर बसायचे आणि मऊ ब्रश घेऊन प्रत्येक फुलावरून हळूच फिरवायचे. या झाडावर, मग त्या झाडावर, पुन्हा या झाडावर. म्हातारा फुलांवरची धूळ झाडतोय म्हणून आम्ही हसायचो. दादा तर म्हणायचा, "बाबा, आता पानांना पावडरही लावा." बाबा ब्रश फिरवत राहायचे. दरवर्षी वाडगाभर सफरचंदं यायची. लहान, लालसर रेघांची, चावली की डोळा बारीक करायला लावणारी.

वाटणीच्या वेळी कपाटावरून भांडलो, गाद्यांवरून भांडलो, दाराच्या घंटीवरून भांडलो. झाडांवरून मात्र नाही. दोन झाडं, दोन भावंडं. एक कुंडी तुला, एक मला. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कशाचा झाला नाही आणि नेमकी तिथेच आम्ही माती खाल्ली.

तिसरी वाटणी आईची. तिला कोणी विचारलं नाही, तेही सांगून टाकते. तिचा पलंग माझ्या बाजूला आला आणि कपाट दादाच्या. म्हणून एक महिना इकडे, एक महिना तिकडे असं ठरलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी तिची गत. इकडे आली की मी विचारायचे, "तिकडे माझ्याबद्दल काय बोलत होते?" तिकडे गेली की वहिनी विचारायची, "ताई काय म्हणत होत्या?" आई म्हणायची, "मला ऐकू कमी येतं." तिला ऐकू अगदी व्यवस्थित येत होतं. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली आहे.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर डोळ्यात थेंब घालायचे होते. दादा विसरेल म्हणून मी फटकन जाऊन घालायचे. मी चुकीचे घालेन म्हणून दादा नंतर पुन्हा घालायचा. आई म्हणाली, "अरे, आत्ताच घातले ना?" दादा म्हणाला, "तिने घातलेले धरू नकोस." डोळा सुजून लाल झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर उभं करून झाडलं, आणि आम्ही त्यांच्यासमोरच 'तू कशाला घातलेस' म्हणून जुंपलो. आई खुर्चीत बसून होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आमच्याकडे बघत होती. त्या बघण्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

डोळा बरा झाला आणि आई निघून गेली. एक्स्चेंजमधली तिची जुनी मैत्रीण एकटीच राहायची, तिच्याकडे. आम्ही त्या बाईला मावशी म्हणतो, नातं काही नाही. भाजीबाजाराच्या मागच्या इमारतीत एक खोली, एक मोरी आणि स्वयंपाकाचा कट्टा. तिथे आई दोन बॅगा घेऊन राहायला गेली. मी आणायला गेले तर जिन्यात दादा भेटला. तोही आणायलाच आला होता. खोलीच्या दारातच आमची सुरू झाली. मी म्हटलं, आई माझ्याकडे येणार, मी एकटी आहे. तो म्हणाला, थोरला मी आहे. शेजारची दारं उघडली.

आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "ज्याच्या झाडाला फळ येईल, त्याच्याकडे मी येईन. कायमची. तोवर इथे येऊन तमाशा करायचा नाही." आणि दार लावून घेतलं.

आम्हाला वाटलं, आईने परीक्षा घातली. बरोबरच वाटलं आम्हाला. बाबांचं झाड जो जपेल तो आईलाही जपेल, असा सरळ अर्थ. जिना उतरताना दादा मला म्हणाला, "तुला पाणी घालायचंही लक्षात राहत नाही." मी म्हटलं, "बघू." त्या दिवसापासून मी त्या झाडासाठी डोळ्यात तेल घालून बसले.

लोकांना वाटेल, मला दादाला हरवायचं होतं. होतंच. ते मी नाकारत नाही, त्याला पाण्यात बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण मला आई हवी होती. लॅबमधून घरी आलं की भिंतीपलीकडे टीव्ही चालू असायचा, कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारायचं, आणि माझ्याकडे आईचा रिकामा पलंग. त्यावर मी धुतलेले कपडे पसरून ठेवायचे, म्हणजे तो रिकामा दिसू नये. तिने येऊन ते कपडे बाजूला करावेत आणि 'हे काय मांडून ठेवलंयस' म्हणून मला ओरडावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पहिल्या वर्षी फुलं आली, गळून गेली. दुसऱ्या वर्षीही तेच. मी खत बदललं, माती बदलली, वरून खास दिवा लावला. बाबांसारखा ब्रश घेऊन एकेका फुलावरून फिरवला. दात रंगवणारा माझा हात, एक पाकळी दुखावली नाही मी. तरी देठापाशी फुगवटा म्हणून धरला नाही. पलीकडे दादाने लिफ्टची कसलीशी जुनी मोटर लावून कुंडीच फिरती केली, म्हणे चारी बाजूंनी ऊन लागावं. दिवसभर घर्रघर्र ऐकू यायची. सकाळी सकाळी त्याचं झाड स्वतःभोवती फिरायचं आणि माझं डोकं. त्याच्याकडेही फुलं आली आणि गळाली. हे मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून खिडकीत बघून ठेवलं होतं. तोही तिथेच उभा राहून माझी अर्धी खिडकी बघायचा. एकदा दोघं एकाच वेळी तिथे पोचलो आणि दोघंही बसची वाट बघत असल्यासारखे उभे राहिलो. तिथे बस थांबत नाही.

नाचता येईना तर अंगण वाकडं. माझा संशय वहिनीवर गेला. थंडीत दोन्ही कुंड्या पॅसेजमध्ये समोरासमोर असतात, कुणी मिठाचं पाणी ओतलं तर कुणाला कळणार? मी मातीची चव घेऊन बघितली. नेमकी तेव्हाच वहिनी दार उघडून बाहेर आली.

"भूक लागली असेल तर सांगायचं ताई," ती म्हणाली. "आमच्याकडे जेवण उरलंय."

"तुमच्याकडचं खाण्यापेक्षा माती बरी," मी म्हटलं.

तिने दार आपटलं. मी त्याहून जोरात आपटलं. माझ्या दाराची चौकट तेव्हापासून हलते.

तिसऱ्या वर्षी कळ्या फुगल्यावर मी एक फांदी कागदात गुंडाळून रोपांच्या दुकानात गेले. गल्ल्यावरची बाई फोनवर कुणाशी तरी भांडत होती, त्यामुळे मला ती लगेच आवडली. फोन खांद्याला लावूनच तिने फांदी बघितली.

"औषध द्या," मी म्हटलं. "फुलं येतात, फळ धरत नाही. तीन वर्षं झाली."

"दुसरं कुठाय?"

"दुसरं काय?"

"दुसरं झाड. हे एकट्याने फळत नाही. दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लागतो. बाहेर असेल तर मधमाशा आणतात, घरात ठेवता तर तुम्हीच आणायचा. ब्रशने." फोनवर ती कुणाला तरी "तुझी वाट बघत म्हातारी होऊ का मी?" म्हणाली आणि मग पुन्हा मला, "जोडीनेच घेतली असतील कुणीतरी. एकच कशाला ठेवलंत?"

मी काही न घेता बाहेर आले. रस्त्यात उभी राहिले तर मला हसू यायला लागलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. बाबा धूळ झाडत नव्हते. या झाडाचं त्या झाडाला पोचवत होते. आणि आम्ही दोघं शहाणे, आपापल्या कुंडीपाशी बसून आपापल्या फुलांवर ब्रश फिरवत होतो. भिंत घालायला कुणी सांगितलं होतं, असं क्षणभर मनात आलं. दुसऱ्या क्षणी दुसरं आलं. दादाला हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

पलीकडे जाऊन 'दादा, असं असं आहे' म्हणायचं माझ्या मनात आलं का? नाही आलं. खोटं कशाला सांगू? सांगितलं असतं तर दोन्ही झाडांना फळं धरली असती आणि आई पुन्हा महिना इकडे महिना तिकडे झाली असती. मला आई अर्धी नको होती.

फुलं उमलली. रविवारी दुपारी पलीकडे जेवणं उरकून सगळे आडवे झाले, तेव्हा मी काचेजवळच्या फटीतला टॉवेल ओढून काढला. दादाची कुंडी खिडकीतच होती, मोटर बंद होती. लॅबमधला सगळ्यांत बारीक ब्रश मी विणकामाच्या लांब सुईला दोऱ्याने बांधला होता. फटीतून हात कोपरापर्यंत आत घातला, गाल प्लायवूडला चिकटवला आणि अंदाजाने फुलाच्या मध्यभागी ब्रश टेकवला. बाहेर काढला तर टोकाला पिवळी पूड. जिवात जीव आला. ती माझ्या फुलावर टेकवली आणि तो ब्रश बाजूला ठेवून दुसरा घेतला. प्रत्येक फेरीला नवा ब्रश. माझ्या झाडाचा एक कणसुद्धा चुकून तिकडे जाता कामा नये. डबाभर ब्रश होते माझ्याकडे.

पाचव्या की सहाव्या फेरीला पलीकडून कुणीतरी सुई धरली.

"काय चाललंय?" दादाचा आवाज. झोपेतून उठलेला, घोगरा.

हात अजून पलीकडेच होता. "धूळ झाडतेय," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"माझ्या झाडाची?"

"किती बसलीय बघ. बाबांनी बघितली असती तर..."

"बाबांचं नाव घेऊ नकोस." त्याने सुई सोडली. "माझ्या झाडाची धूळ मी झाडेन. तुझी तू झाड. आणि हा हात पुन्हा आत आला तर दरवाजात चेंगरेन."

"दरवाजा कुठेय इथे?"

"बसवेन!"

मी हात काढला तसा त्याने फटीत दुसरा टॉवेल कोंबला. मग पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि दादा आपली फुलं झाडत बसला. त्याच्या फुलांचं त्याच्याच फुलांवर. बराच वेळ झाडत होता, मनापासून. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि तोंडावर उशी दाबून हसले. भावाला फसवल्याचा इतका आनंद मला लहानपणीही झाला नव्हता.

माझ्या झाडावर चार फळं धरली. एक वाटाण्याएवढं असताना गळालं, दोन बोराएवढी होऊन गळाली. एक राहिलं. त्याच्यावर मी जाळीची पिशवी बांधली, फांदीला टेकू दिला. लॅबमधून सुटले की रोज धावत घरी. पण खिडकी रस्त्यावर, आणि वहिनीची नजर घारीची. एका संध्याकाळी दार वाजलं. दादा. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आला, तोही न विचारता. सरळ खिडकीशी गेला आणि पिशवीत बोट घालून फळ जरासं ओढून बघितलं.

"दोऱ्याने बांधलंयस."

"ओढ अजून. तुटलं तर आईला सांगेन तू तोडलंस."

त्याने बोट काढलं. फळ नीट देठावर होतं. कितीतरी वेळ तो बघत राहिला. "मीही सगळं केलं," तो म्हणाला. "तिची खोली रंगवून ठेवलीय. तिला पिवळा आवडतो म्हणून."

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही, आणि त्याचाच मला राग आला. "पिवळा नाही आवडत तिला," मी म्हटलं. "तू लहानपणी काढलेलं पिवळ्या घराचं चित्र तिने भिंतीला लावलं होतं, तेवढंच." तो निघाला. जाताना दार हळूच लावलं, ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

फळ लाल झालं. मी ते कात्रीने देठासकट कापलं, रुमालात गुंडाळलं, पलंगावरचे कपडे उचलून कपाटात नीट लावले आणि नवी चादर घातली. रिक्षा सांगून ठेवली, बॅगा होत्या ना.

मावशीच्या इमारतीचा जिना चढताना वर कुणीतरी हसत होतं. खदखदून, दम लागेपर्यंत. मी थांबले. हे हसणं कुणाचं, तेच मला आठवेना. आणखी चार पायऱ्या चढले तेव्हा कळलं, आई हसत होती. बाबा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. बाबा असतानाही असं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे.

दार उघडंच होतं. दोघी पलंगावर मांडी घालून पत्ते खेळत होत्या. मावशीने पत्ता पदराखाली लपवला होता आणि आई तिचा पदर ओढत होती. "चोर! पकडली! एक्स्चेंजमध्येही हेच करायचीस!" मग आईने मला बघितलं. हसणं तिथेच थांबलं. कुणी स्वयंपाकघरातला दिवा घालवावा तसा तिचा चेहरा.

मी रुमाल सोडून सफरचंद तिच्यापुढे ठेवलं. पत्त्यांच्या मधोमध.

आई त्याच्याकडे बघत राहिली. हात लावला नाही. "दादाची फुलं कशी मिळवलीस?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुला ठाऊक होतं?"

"तुझे बाबा स्टुलावर बसायचे, तेव्हा दुसरी फांदी वाकवून कोण धरत होतं? तुम्ही दोघं तर हसत होतात." तिचा आवाज चढला नाही. "तीस वर्षं त्या झाडांच्या मध्ये उभी राहिलेय मी. एकट्याने फळत नाहीत, हे मला ठाऊक नसेल?"

"मग अट का घातलीस?"

"फळ येणार नाही म्हणून."

मावशीने पत्ते गोळा करायला घेतले. पलंगाखालून मांजर बाहेर आलं, माझ्याकडे बघून परत आत गेलं.

"तुम्ही दोघं एकमेकांच्या दारात पाय ठेवणार नाही, हे मला माहीत होतं," आई म्हणाली. "वाटलं, आयुष्यभराची सुटका झाली. 'नाही येत' म्हटलं असतं तर रोज येऊन भांडला असतात. हे बरं. झाडाशी भांडत बसा."

"मी एवढं तीन वर्षं..." मी म्हटलं. "आई, मला तू हवी होतीस."

"हो. डोळ्यात थेंब घालतानाही हवी होते." ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूच. "असो. शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द. काढ गं माझी बॅग वरून."

मावशीने पत्त्यांचा गठ्ठा दोनदा नीट केला. मग खुर्ची ओढून वर चढली, कपाटावरची बॅग काढली आणि पलंगावर ठेवली. आईने खुंटीवरचा गाऊन काढला, घडी घातली. खिडकीतला चष्मा, औषधांचा डबा. कुठली वस्तू कुठे आहे ते तिला न बघता सापडत होतं. मोरीतून तिने आपला दात घासायचा ब्रश आणला, तेव्हा मावशीने तोंड भिंतीकडे केलं.

मी जिंकले होते. खाली रिक्षा उभी होती. घरी नवी चादर होती. आई येऊन माझ्या पलंगावर बसली असती, वेळच्या वेळी जेवली असती, मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'ऐकू येत नाही' म्हणाली असती. भिंतीपलीकडून दादाने ऐकलं असतं की आई इकडे आहे. आणि ती पुन्हा कधी तशी हसली नसती. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि मला तिचा इतका राग आला, इतका राग आला की ते सफरचंद खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं. आई असून माझ्याकडे येण्यापेक्षा ती कुणा परक्या बाईबरोबर पत्त्यांत लबाडी करत बसणं पसंत करते. आणि त्याला कारण मीच.

तिने बॅगेची चेन ओढायला घेतली. ती मध्येच अडकली.

"थांब," मी म्हटलं.

"येतेय ना आता?"

"अट पुरी झालेली नाही." हे शब्द मला दाढ उपटल्यासारखे काढावे लागले. मी दाढा उपटत नाही, नुसत्या बनवते, तरी सांगते. "हे फळ माझ्या झाडाचं नाही. अर्धं दादाचं आहे. त्याच्या फुलांशिवाय धरलंच नसतं."

आईने चेन सोडली.

"ज्याच्या झाडाला फळ येईल, असं म्हणाली होतीस," मी म्हटलं. "माझ्या एकटीच्या झाडाला आलेलं नाही. त्याच्याही नाही. तुला कुठेच यावं लागत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी कशावरचा तरी दादाचा हक्क मान्य केला होता आणि ते ऐकायला तो तिथे नव्हता. आई माझ्याकडे बघत होती. पूर्वी डॉक्टरीणबाईंकडे बसून बघत होती तसं नाही, जरा वेगळं. मला वाटलं, ती जवळ घेईल. वाटलं, निदान डोक्यावरून हात फिरवेल. ती पलंगावर बसली, गाऊन बॅगेतून बाहेर काढला आणि मावशीकडे दिला. मावशीने तो परत खुंटीला लावला.

"पुढच्या वेळी येताना फोन करून ये," आई म्हणाली.

"बरं," मी म्हटलं, आणि खाली जाऊन रिक्षावाल्याला जायला सांगितलं.